सुजाताच्या गाडीतले दोन वायसर

८ नोव्हेंबर, शनिवार

सुजाता, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना तू ही वही हातात दिली. म्हणाली, बाबा, इंजनाचं जे डोक्यात आहे ते रोज थोडं थोडं लिहून ठेवा, तुमच्यानंतर कोण सांगणार? ‘तुमच्यानंतर’ म्हटलं म्हणून आईनं तुला तिथंच झापलं. मी वही कपाटावर ठेवली ती आज काढली. अडीच महिने गेले.

लिहायची सवय नाही. शाळा सहावीपर्यंत. पुढं चाळीस वर्षं रिसोडच्या वर्कशॉपात ट्रॅक्टरची इंजनं उघडली आणि बांधली. सामानाची यादी आणि खाली सही, एवढंच लिहिणं. आता वर्कशॉप रहीम पाहतो. माझ्या हाताखाली शिकला. मी सकाळी जाऊन खुर्चीत बसतो. चहा येतो.

आज बसलो कारण उद्या रविवार. रविवारी तुझा फोन असतो. तोपर्यंत जीव कशात तरी गुंतला पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

फोन अकराला आला. एरवी दहाला येतो. एक तास मी अंगणात नुसत्या चकरा मारल्या. सुजाताची आई शारदा म्हणाली, “बसा ना, पोरगी झोपली असंन. सुट्टी हाय तिले.”

सुजाता म्हणते, कोइंबतूरला थंडी नाही, पण उटीच्या घाटात सकाळी हात गारठतात. पंपाच्या कारखान्यात काम बरं चाललं आहे. जेवणाचं विचारलं. भात, भात आणि भात. ज्वारीचं पीठ पाठवू का म्हटलं तर हसली.

मग गाडीचं. तेलाच्या दाबाचा काटा अजून वरच आहे. तिनं काटाच बदलून पाहिला. नवा काटाही तेच दाखवतो.

“बाबा, फिल्टरपाशी तुमी काही केलं होतं काय?”

“नाही बा. नवीन इंजन हाय, पार्ट बसून राह्यले.”

हे तिनं दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा निघाली त्याच दिवशी, हिंगोली सोडल्यावर. तेव्हाही मी हेच बोललो होतो.

जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

काय केलं ते इथं तरी लिहितो.

गाडी दिसायला साधी, लहान, लाल. पण आत सुजातानं टर्बो बसवून ताकद वाढवली आहे. तीन वर्षं दर सुट्टीत आली आणि वर्कशॉपाच्या मागच्या शेडमध्ये काम केलं. मी पाने द्यायचो. शर्यतीला नाही, रोज कामावर जायलाच गाडी पाहिजे होती. म्हणायची, शर्यतीचं इंजन एका दिवसासाठी असते बाबा, मले याच्यात दहा वर्षं फिरायचं हाय.

म्हणून सगळी मेहनत तेलावर. इंजनाच्या वरच्या भागातली, हेडमधली, तेल खाली उतरायची भोकं साफ केली, गुळगुळीत केली. खालच्या चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे कप्पे जोडले, वळणावर तेल एका बाजूला पळून पंपाचं तोंड कोरडं पडू नये म्हणून. टर्बोच्या नळीला बारीक भोकाचा बोल्ट, लागेल तेवढंच तेल तिकडे जावं. बेरिंगची फट तर तिनं चारदा मोजली. मी वैतागलो होतो.

इंजन पहिल्यांदा चालू झालं. गरम झाल्यावर, रेस सोडली की काटा पार खाली. बंद कर, बंद कर म्हटलं. ती म्हणाली, बरोबर आहे, एवढ्यावर एवढाच पाहिजे. मला पटेना. तेव्हा तिनं पाण्याच्या मोटारीची नळी आणली, तोंडावर अंगठा दाबला. “पाहा बाबा, धार किती दूर गेली. आता बादली भरून दाखवा.” बादली भरायला वेळ लागला. अंगठा काढला, पटकन भरली. “काटा धार दाखवते. बेरिंगले बादली लागते.”

समजलं. तरी भीती गेली नाही.

आम्ही ट्रॅक्टरच्या धंद्यात एक करायचो. तेलाचा दाब फार वाढला की जास्तीचं तेल सोडून देणारा एक वॉल, म्हणजे झडप, असतो, त्याला स्प्रिंग असते. स्प्रिंगखाली वायसर, म्हणजे धातूच्या पातळ चकत्या, टाकायचे. स्प्रिंग कडक होते, वॉल उशिरा उघडतो, काटा टणकन वर जातो. बांधलेलं इंजन मालकासमोर चालू करायचं, तो दुसरं काही पाहत नाही, काटा पाहतो. काटा वर गेला की नारळ फुटायचा.

पोळ्याच्या दिवशी सुजाता आईसोबत शिरपूरला मावशीकडे गेली. मी शेडमध्ये गेलो, बोल्ट खोलला आणि तिच्या गाडीत दोन वायसर टाकले.

पुढचं उद्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कालचं अर्धं राहिलं. चालू करून पाहिलं तर जिथं मला भीती होती, म्हणजे गरम इंजन आणि रेस सोडलेली, तिथं काटा होता तिथंच. फक्त थंडं असताना आणि रेस वाढवल्यावर वर गेला. म्हणजे काहीच साधलं नाही. काढायला पुन्हा बोल्टला हात घातला तेवढ्यात गल्लीत रिक्षा वाजली, मायलेकी आल्या. मी हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. तेव्हा सांगता आलं असतं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मला वाटलं आता कुठं.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन साडेनऊलाच. आवाज ऐकूनच कळलं.

काल सकाळी ती आणि मित्रमंडळी चार गाड्या घेऊन उटीच्या घाटात गेले. रात्री पायथ्याशी मुक्काम होता, सकाळी थंडं इंजन चालू केलं तेव्हा काटा पार शेवटाला जाऊन टेकला. गाडी वर निघाली. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागच्यानं दिवे मारले. फिल्टरचं पॅकिंग बाहेर आलेलं, रस्त्यावर तेलाचा पट्टा. तिनं त्याच क्षणी इंजन बंद केलं. नवीन फिल्टर, नवीन तेल घालून हळूहळू खाली आणली.

“मीच नीट कसला नसंन फिल्टर,” म्हणाली.

मी फोन शारदापुढं धरला. शारदानं फोन घेतला आणि दहा मिनिटं बोलली. घाटात कायले जाता, लग्नाच्या वयात हे काय, जेवली का. मी बाजूला उभा होतो. फिल्टर तिनं नीटच कसला होता. ती कसते तेव्हा मी पाहिलं आहे. दाब एवढा चढला की पॅकिंगनं जागा सोडली. थंडं तेल घट्ट, आणि जास्तीचं सोडायचा वॉल माझ्या वायसरनं अडवलेला.

तेल एखाद्या वळणावर तिच्याच चाकाखाली आलं असतं तर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाजारात सोयाबीनच्या गाड्यांची रांग पार वर्कशॉपापर्यंत. रहीमकडे शिरपूरचा एक जुना ट्रॅक्टर आला आहे, तेलाचा पंप गेला. पंप फिरवणाऱ्या गिअरचे दात झिजून सुरीसारखे झालेले. रहीमनं वॉल खोलला, स्प्रिंग काढली आणि तळहातावर दोन वायसर घेऊन माझ्याकडे आला.

“घ्या उस्ताद. तुमची सही.”

हसत होता. मला हसू येईना. म्हटलं, इतकी वर्षं चालला तर खरं. तो म्हणाला, “चालला. पण पंपानं रोज एक पोतं जास्त उचललं. कवा तरी पाठ जातेच.” माझं तोंड पाहून म्हणाला, “आपुन सगळ्यायनंच टाकले ना. गिऱ्हाइकाले काटा पाह्यजे होता.”

मी विचारलं, लहान इंजनात टाकले तर? जास्त रेसचं इंजन असंन तर?

“तिथं तर दात लवकर खाईन. अन् तेल सारं वर हेडमंधी चढंन, खाली उतरायले टाइम लागंन. वळणावर खाली काय राह्यलं मंग?” मग माझ्याकडे नीट पाहिलं. “काहून विचारता?”

असंच, म्हटलं.

घरी पायीच आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज बोलायचं ठरवून बसलो होतो. तिनं आधीच सुरू केलं.

गाडी ताडपत्री घालून उभी केली आहे. आठ दिवस बसनं कामावर जाते. सगळा हिशेब पुन्हा तपासला म्हणे. काटा नवा, तेल बरोबर, फिल्टर बरोबर. बाबांनी काही केलं नाही. म्हणजे उरलं एकच, बेरिंगची फट तिनं चुकीची मोजली. फट कमी राहिली म्हणून दाब वाढला.

“चारदा मोजली बाबा. चारही वेळा चुकली असंन. हातच नाही माह्या मापाचा.”

मग पुढचं सांगितलं. कारखान्यात नवीन पंप तपासायचा विभाग आहे, त्याचं काम साहेब तिच्याकडे देतो म्हणाला. मापाचंच काम. तिनं नाही म्हटलं. साहेब म्हणाला, विचार कर, आठ डिसेंबरला सोमवारी सांग.

मी काय बोललो? म्हटलं, तूर यंदा बरी आहे. खरंच, हेच बोललो.

ही पोरगी चौथीत असताना वर्कशॉपात येऊन व्हर्निअरनं खिळे मोजायची. मी जे डोळ्यानं सांगायचो ते ती मोजून पाहायची आणि म्हणायची, बाबा, तुमचं थोडंसं चुकलं. मला तेव्हा केवढा आनंद व्हायचा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काही सुचत नाही. सकाळी धुकं होतं. दोनदा फोन हातात घेतला. ती कामावर असेल. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा जेवत असेल. मग झोपायची वेळ झाली.

तिची खोली झाडली. रोज झाडतो. शेडमध्ये तिनं भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं अजून आहेत. रहीमला सांगून ठेवलं आहे, ती भिंत पुसायची नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शारदाला सांगितलं. तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आधी समजलं नाही. वायसर म्हणजे काय ते सांगितलं, थंडं तेल, पॅकिंग, सगळं. शेंगा सोलणं थांबलं.

“तुमाले तिचं काम पटलं नव्हतं काय?”

“पटलं होतं.”

“मंग?”

“भेव वाटला. एवढ्या दूर एकटी जाणार. काटा वर दिसला की मले बरं वाटते.”

“बरं तुमाले वाटावं, अन् वायसर तिच्या गाडीत?” असं म्हणाली आणि पुन्हा शेंगा घेतल्या. थोड्या वेळानं म्हणाली, “मले कायले सांगून राह्यले? मी का गाडी चालवतो? तिले सांगा.”

मी म्हटलं, ती मला पुन्हा कधी विचारणार नाही. काहीच विचारणार नाही. आतापर्यंत इंजिनिअर झाली तरी अडलं की मला विचारते. त्या प्रश्नांवरच माझा आठवडा जातो.

शारदा उठून आत गेली. ताट वाढलं तेव्हा भाजी जास्त वाढली.

३० नोव्हेंबर, रविवार

फोन दोनच मिनिटं. मैत्रिणीकडे हळद आहे, घाईत होती. मागं बायकांचा आवाज. सगळ्यांमध्ये कसं सांगणार. हे कारण खरं आहे, पण मला सुटल्यासारखं झालं हेही खरं.

“साहेबाले काय सांगणार?” एवढं विचारलं.

“तेच. नाही.”

३ डिसेंबर, बुधवार

कागदावर लिहून काढलं, काय बोलायचं ते. पाच ओळी. मोठ्यानं वाचून पाहिलं. पहिली ओळ, तुझ्या भल्यासाठीच. ती खोडली. दुसरी ओळ, आमच्या काळी सगळेच करायचे. तीही खोडली. तिसरी, तू रागावू नको. खोडली. दोन ओळी उरल्या. वायसर मी टाकले. तू विचारलं तेव्हा खोटं बोललो.

एवढंच आहे तर इतके दिवस काय जड जातं.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी विहारात गेलो. पांढरे कपडे, मेणबत्त्या, सारी वस्ती आली होती. मी दरवर्षी पुढच्या रांगेत असतो. आज मागं बसलो.

पंचशील सुरू झालं. लहानपणापासून पाठ आहे, तोंड आपोआप चालतं. तीन शीलं म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. बाजूच्याला वाटलं खोकला आला. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. पाचवं सगळ्यांबरोबर म्हटलं, पण आपण एक गाळून पुढं गेलो हे मला माहीत होतं.

सुजाता लहान असताना माझ्या मांडीवर बसून हे म्हणायची. चौथ्याला मोठ्यानं ओरडायची, का कोण जाणे. सगळे हसायचे.

उद्या सांगतो. तिच्या फोनची वाट न पाहता मीच लावतो.

७ डिसेंबर, रविवार

सात वाजता लावला. तिनं घाबरूनच उचलला, काय झालं, आईची तब्येत? म्हटलं आई बरी आहे. मग बोललो. न थांबता. दोन ओळी होत्या त्या बोललो.

मी फोन कानाला घट्ट दाबला. मला वाटलं लाईन गेली.

“किती वायसर?”

“दोन.”

“किती जाडीचे?”

“एकेक मिलीमीटर. तांब्याचे.”

“कवा टाकले?”

“पोळ्याच्या दिवशी. तू शिरपूरले गेली होती तवा.”

मग म्हणाली, “मी इचारलं होतं बाबा.”

“हो.”

“दोनदा इचारलं.”

“हो माय.”

“म्हंजे माह्यं माप बरोबर होतं.”

“बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं.”

ती रडली की हसली ते कळलं नाही, एक श्वास तेवढा ऐकू आला. “ठेवतो,” म्हणाली. ठेवला.

शारदा दारात उभी होती. तिनं चहा केला.

८ डिसेंबर, सोमवार

आज साहेबाला सांगायचा दिवस. दहा वाजता वाटलं आता ती आत गेली असेल. एक वाजता वाटलं सांगून झालं असेल. संध्याकाळी पाचला कारखाना सुटतो. सहा, सात, आठ. फोन नाही. मी लावला नाही. मी लावायचा हक्क आता आहे की नाही, कळत नाही.

रहीमला वर्कशॉपात सांगितलं सगळं. तो हसला नाही. म्हणाला, “पोरीनं बोल्ट खोलला असंन कवाच. तिचा हात मले माहीत हाय.” मग म्हणाला, “तुमच्यासंगं बोलंन की नाही, ते मी नाही सांगू शकत उस्ताद.”

९ डिसेंबर, मंगळवार

नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आज थंडी वाढली. इथं एवढी तर उटीच्या घाटात किती असेल? वायसर काढल्याशिवाय सकाळी चालू केली तर? तिला सांगून झालं आहे, ती कशाला करेल तसं. हे मला समजतं. तरी पहाटे जाग आली की तेच दिसतं, काटा शेवटाला टेकलेला आणि ती एकटी.

शारदाला सकाळी म्हटलं, तू फोन कर. ती म्हणाली, “मी कवाचाच केला. सोमवारी.” काय बोलली विचारलं तर म्हणते, “ते माय-लेकीचं हाय. तुमचं तुमाले सांगंन ते.” गाडीचं काही? नाही सांगत. साहेबाला काय सांगितलं? नाही सांगत. मी चिडलो. मग चिडणं सोडलं. निदान पोरीचा आवाज या घरात कोणाच्या तरी कानावर पडला.

११ डिसेंबर, गुरुवार

शारदा म्हणाली, वहीत लिहून काय होते, ती वही तिले थोडीच दिसते. पानाचा फोटो काढून पाठवा. म्हणून हे पान नीट अक्षरात लिहितो.

सुजाता, फिल्टरच्या बैठकीखाली जो मोठा बोल्ट आहे, सतराच्या पान्यानं खोलतो तो, त्याच्या आत आहेत. इंजन थंडं असू दे. खाली डबा धर, थोडं तेल येईल. बोल्ट शेवटच्या आट्याला हातानं धर, स्प्रिंग उडते. वायसर स्प्रिंगच्या बुडाशी, कदाचित बोल्टला चिकटून असतील. दोन्ही मोज. दोनच आहेत, तिसरा नाही. आता माझ्या म्हणण्यावर राहू नको, आत बोट फिरवून पाहा. वॉल बोटानं दाबून सोड, आपोआप परत यायला पाहिजे. अडकला तर चालवू नको.

तुला हे सगळं माहीत आहे. मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

साहेबाला काय म्हणाली ते तुझी आई सांगत नाही. हो म्हटलं असशील तर चांगलं. नाही म्हटलं असशील तर त्याला पुन्हा जाऊन सांग की माझ्या बापानं खोटं सांगितलं म्हणून मी नाही म्हटलं होतं. माझं नाव घ्यायला लाजू नको.

माझ्याशी बोलायचं मन नसेल तर बोलू नको. पण बोल्ट खोलला की नाही एवढं कळव. खोलला असेल तरी कळव, नसेल खोलला तरी कळव. आईच्या फोनवर कळवलं तरी चालेल, मी तिच्याजवळच बसून आहे. फक्त लवकर कळव माय. थंडी रोज वाढून राह्यली.